लाखेचं बूच

भाऊजी,

तुमच्या तेरवीला अंगणात पंगत बसली होती. वाढणाऱ्यांवर लक्ष ठेवत मी ओट्यावर उभी होते आणि लोक तुमच्याबद्दल काय बोलतात ते ऐकत होते. भाऊ वाघासमोर छाती काढून उभे राहिले. भाऊंनी कधी कुणाचं वाईट केलं नाही. भाऊ इंजिनाला कान लावून त्याचा आजार सांगत. यातलं पहिलं खोटं आहे. तुम्ही तेव्हा झाडावर होतात हे तुम्हीच मला सांगितलं आहे. तिसरं खरं आहे. मधलं मी खोडून काढलं नाही, कारण लोक जेवत होते.

आज चौदावा दिवस. पाहुणे गेले, आणलेली भांडी ज्याची त्याला परत गेली आणि मी टेबलाशी बसले आहे. नैरोबीहून नातवंडांकडचं पत्र आलं आहे. तार मिळाल्यावर सुधा जेवली नाही असं तिच्या वडिलांनी लिहिलंय, आणि खाली सुधानं स्वतः लिहिलंय, "आजी, धाकट्या आजोबांच्या सगळ्या गोष्टी लिहून पाठव. फुलपात्राची पण." ती दोघं भावंडं इथे आली होती तेव्हा तुम्ही गाडीचं इंजिन सुरू करून बॉनेटवर पाण्यानं काठोकाठ भरलेलं फुलपात्र ठेवलं होतं. एक थेंब सांडला नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही मिशीवरून हात फिरवलात.

तेवढंच लिहून पाठवता आलं असतं. पण सुधानं "सगळ्या" असं लिहिलंय, आणि मी आयुष्यभर मुलींना प्रश्न नीट वाचून उत्तर लिहा असं शिकवलं. म्हणून तुम्हांला उद्देशून लिहिते आहे आणि याची नक्कल मुलांना पाठवणार आहे. तुम्हांला ठाऊक असलेल्या काही गोष्टी त्यांच्यासाठी पुन्हा सांगाव्या लागतील. तुम्हांला कंटाळा येईल. येऊ दे.

आधी चांगलं लिहिते, कारण ते थोडं नाही.

तुमचे दादा गेले तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती आणि गडचिरोलीच्या मुलींच्या शाळेची हेडबाई होते. तुम्ही सिरोंच्याकडची रेंजरची नोकरी संपवून आमच्याकडे राहायला आलात ते एक ट्रंक, एक बंदूक आणि विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाकडून घेतलेली मोटार घेऊन. मी तेव्हा खेड्यांतल्या शाळा बघायला छकड्यातून जात असे. तुम्ही म्हणालात, "वहिनी, बैलाच्या शेपटीकडे बघत अजून किती वर्षं काढणार?" आणि दुसऱ्या दिवशी आरमोरीच्या रस्त्यावर मला चाकामागे बसवलंत. पांढऱ्या लुगड्यातली विधवा मोटार चालवते म्हणून माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहत. एकजण म्हणाला, "पाय बे, हेडबाई मोटार हाकून राह्यली." तुम्ही खिडकीतून मान काढून त्याला म्हणालात, "तुला येते का हाकता? नाही ना? मग सरक, ती अजून शिकतेय." मला त्या वेळी इतकं हसू आलं की गाडी बांधावर गेली.

इंजिन ऐकायलाही तुम्हीच शिकवलंत. सागवानाची हातभर काडी घ्यायची, एक टोक इंजिनाला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला. कुठून ठोका येतो, कुठून फुसफुस येते, ते एकेक वेगळं करून ऐकायचं. "घाईनं नाव ठेवू नका," तुम्ही म्हणायचात. "आधी सगळं ऐका, मग आजाराचं नाव घ्या." हे तुमचे शब्द आहेत, भाऊजी. मी ते वहीत लिहून ठेवले होते.

आता नामदेवबद्दल.

मुलांनी त्याला पाहिलं आहे. त्यांना तो नदीवर घेऊन गेला होता. नामदेव आपला ड्रायव्हर. वैनगंगेकाठच्या ढिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्या घरातला. लढाईत ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर लष्कराच्या लॉऱ्या चालवून परत आलेला. कमी बोलायचा. शेडमधल्या पेट्रोलच्या पिंपाची किल्ली त्याच्या करदोट्याला असायची आणि सहा वर्षांत त्या किल्लीवरून घरात कधी शब्द निघाला नव्हता.

आपल्या गाडीचा वायपर बिजलीवर चालत नव्हता. चालू इंजिन हवा आत ओढतं, त्या ओढीवर तो चालायचा; त्यासाठी एक रबरी नळी इंजिनापासून काचेपर्यंत गेलेली होती. दसरा झाला की तुम्ही वायपर आणि नळी दोन्ही काढून डब्यात ठेवत असा. उन्हानं रबर तडकतं, आणि त्याहून म्हणजे वानरं वायपर उपटून नेतात. एकदा एक वानर तो घेऊन कौलावर बसलं होतं आणि तुम्ही खालून त्याला सरकारी भाषेत नोटीस देत होतात. नळी काढली की इंजिनावर बोटाएवढ्या जाडीचं भोक उघडं राहतं. त्यावर एक रबरी टोपी बसवायची. दर वर्षी तेच.

त्या वर्षी ती टोपी चिरली होती. चांद्याला मिळाली नाही, नागपूरहून मागवावी लागली असती. मी तेव्हा तपासणीच्या दौऱ्यावर होते. परत आले तेव्हा वायपर निघाला होता, गाडी उभी होती, आणि मी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही.

थंडी पडू लागली तसं इंजिन बिघडलं. रस्त्यावर गाडी धावत असली की काही नाही. उभी राहिली आणि इंजिन नुसतं चालू ठेवलं की थरथर. तीन ठोके नीट, चौथा गिळलेला, मग दोन, मग सगळी गाडी दम लागलेल्या म्हातारीसारखी हलायची. सकाळी गार असताना चोक ओढून सुरू केली तर ठीक चाले. तापली आणि चोक आत ढकलला की थरथर सुरू.

"पॉइंट," तुम्ही म्हणालात, आणि बिजली जोडणारे-तोडणारे ते पॉइंट घासलेत. मग प्लग. मग कार्बोरेटर सगळा सोडवून वर्तमानपत्रावर मांडलात, पेट्रोलनं धुतलात, परत बसवलात. थरथर होती तशीच. मी तेव्हा शेडच्या खिडकीला टेकण म्हणून लावलेलं गाडीचं इंग्रजी पुस्तक काढून आणलं, पुसलं आणि वाचलं. त्यात लिहिलं होतं की दोष फक्त उभ्या गाडीत दिसत असेल आणि वेगात नाहीसा होत असेल, तर जिथून हवा जाऊ नये तिथून ती आत जाते का ते पाहा. मी तुम्हांला वाचून दाखवलं.

"वहिनी, ते पुस्तक विलायतेत लिहिलंय. तिथली हवा वेगळी."

"हवा जाते का एवढंच पुस्तक विचारतंय, भाऊजी. कुठल्या देशाची ते विचारत नाही."

तुम्ही हसलात. नामदेव टायरमध्ये हवा भरत होता, तो हसला नाही. त्यानं पंप थांबवून तुमच्याकडे पाहिलं, एवढं मला आठवतं.

त्यानंतर आठवड्यानं नागपूरहून मोठे साहेब आले. तेव्हा अजून आपण मध्य प्रदेशात होतो. हे साहेब कधीकाळी तुमचे वरिष्ठ होते आणि त्यांना वैनगंगेच्या घाटावर घ्यायला आपली गाडी जाणार म्हणून तुम्ही दोन दिवस ती पुसत होतात. नदी उतरली होती, वाळूवर बांबूचे तट्टे टाकून मोटारींना वाट केली होती. घाटावर नावाडी, बाजाराला निघालेल्या बाया, सगळी नामदेवच्याच गावाकडची माणसं. मी मागच्या सीटवर होते. साहेब आले, चहा आला, आणि तुम्हांला राहवलं नाही. इंजिन चालू होतं आणि तुम्ही साहेबांचा भरलेला कप बशीसकट बॉनेटवर ठेवलात.

"अब देखिए," तुम्ही म्हणालात.

कप बशीत नाचला, मग बशी सरकली, मग सगळा चहा साहेबांच्या पाटलोणीवर. साहेब भले होते. रुमालानं पुसत म्हणाले, "रेंजरसाहेब, आपकी गाडी को तो मलेरिया हो गया है." घाटावरची माणसं हसली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. तेवढ्यात इंजिन दोनदा आचके देऊन बंद पडलं.

नामदेव पुढे आला आणि म्हणाला, "भाऊ, म्या तुमाले..."

तुम्ही त्याला पुढे बोलू दिलं नाहीत. सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात तुम्ही म्हणालात, "पेट्रोल विकतो आणि घासलेट घालतो हा चोर." साहेबांनी नामदेवकडे पाहिलं. नावाड्यांनी पाहिलं. त्याची चुलत मावशी टोपली घेऊन बसली होती, तिनं पाहिलं. नामदेवचं तोंड उघडं होतं, ते त्यानं मिटलं. मग हँडल मारून गाडी सुरू केली, पायानं वेग धरून ठेवत आपल्याला घरी आणलं.

संध्याकाळी मी ओट्यावर त्याला बोलावून विचारलं, "नामदेव, तू घासलेट घातलंस का?" तो म्हणाला, "नाई, बाई." माझा विश्वास बसला. मी तुम्हांला तसं सांगितलं. तुम्ही वर्तमानपत्र वाचत होतात, ते खाली केलं नाहीत. मी म्हटलं, आज राग आहे, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी पिंपाची किल्ली ओट्यावर ठेवलेली होती आणि नामदेव गेला होता.

मूल गावच्या मोटारवाल्यानं त्याला ठेवलं नाही. चांद्याच्या लॉरीवाल्यानं नाही. बातमी घाटावरून निघाली होती. ती त्याच्या आधी पोचायची. लढाईत दारूगोळ्याच्या लॉऱ्या चालवलेला माणूस परत गावच्या तळ्यावर जाळं टाकायला लागला.

आणि नामदेव गेल्यावरही इंजिन थरथरतच होतं. नवं पेट्रोल, नवं पिंप, तुमच्या कमरेला किल्ली, तरी थरथर. तुम्ही एक स्क्रू पिळून इंजिनाचा वेग वाढवून ठेवलात; मग ते उभ्या उभ्या ओरडायचं, पण बंद पडत नसे. आता बरी आहे, तुम्ही म्हणायचात, ओरडण्याच्या वर आवाज चढवून.

महिन्यानं तुम्ही कोर्टाच्या साक्षीसाठी चांद्याला गेलात. त्या दुपारी मी शाळा सुटल्यावर लुगडं खोचलं, पुस्तक फळीवर उघडून ठेवलं आणि गाडी सुरू केली. आधी तुमचा स्क्रू परत फिरवला, म्हणजे आजार उघडा पडावा. इंजिन तापू दिलं. मग कोरडं फडकं धरून एकेका प्लगची तार काढली आणि लावली. चारही वेळा इंजिन सारखंच खाली बसलं, म्हणजे एका सिलिंडरचा दोष नव्हता. मग वाटीत तेल घेतलं आणि कोंबडीच्या पिसानं जिथे जिथे सांधे आहेत तिथे एकेक थेंब सोडत गेले. घाईनं नाव ठेवायचं नाही. पहिला सांधा, काही नाही. दुसरा, काही नाही. वायपरच्या नळीच्या भोकाशी आले, थेंब सोडला, तो आत ओढला गेला आणि इंजिनाचा आवाज बदलला.

मी बोटाला ओलं फडकं गुंडाळून तिथे दाबलं. थरथर थांबली. असा सुरेख संथ आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. बोट काढलं, थरथर. ठेवलं, शांत. चारदा केलं. मग फडकं पाहिलं. त्याला तांबूस तार लागली होती, चिकट, आणि वास ओळखीचा होता. लाख.

मुलांना सांगायला हवं. आपल्याकडे जंगलात पळसावर, कुसुमावर लाख होते. तुमची निम्मी नोकरी त्या लाखेच्या मागे गेली. इथे विळ्याची मूठ लाखेनं बसवतात, कुऱ्हाडीची फट लाखेनं भरतात. तुम्ही आमच्या घरातल्या कपाचा कान, दादांच्या काठीची मूठ आणि माझ्या चष्म्याची दांडी, सगळं लाखेनं जोडलं होतं. रबरी टोपी मिळाली नाही म्हणून तुम्ही त्या भोकात लाखेचं बूच भरलं होतंत. विळा तापत नाही, भाऊजी. इंजिन तापतं. लाख मऊ होत होती आणि इंजिन ती थोडी थोडी गिळत होतं, आणि शेजारून हवा आत जात होती.

तुम्ही परत आलात तेव्हा ते फडकं मी टेबलावर पसरून ठेवलं होतं. तुम्ही कोट काढलात, फडक्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "असेल."

"मग नामदेवला बोलवा."

"बघू."

पंधरा दिवसांत नागपूरहून टोपी आली, इंजिन नीट झालं, आणि पाहुण्यांसमोर पाण्याचं फुलपात्र पुन्हा बॉनेटवर जाऊ लागलं. नामदेवला तुम्ही बोलावलं नाहीत. एकदा म्हणालात, "चार माणसांत बोललेलं परत घ्यायचं, मग उद्या माझं कोण ऐकेल?" एकदा म्हणालात, "तो आता रमला असेल." एकदा, माझं बोलणं फारच झालं तेव्हा, "वहिनी, तुम्हांला माझी चूक सापडली याचा आनंद किती दिवस पुरवणार?" त्या दिवशी मी पान वाढून आत निघून गेले. पुढची दोन वर्षं आपण एका टेबलावर जेवलो आणि आठवड्यातून एकदा तरी हेच भांडण केलं. तुमचं मीठ कमी करायचं होतं ते मी सांभाळलं. तुमचे पाय सुजले तेव्हा ते मी शेकले. त्यात काही ढोंग नव्हतं. पण तुमच्यावरचा राग एक दिवसही उतरला नाही, हेही ढोंग नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात मी तुम्हांला सरळ विचारलं. "घाटावर त्याला चोर म्हणालात, तेव्हा लाखेचं तुमच्या ध्यानात आलं होतं का?" तुम्ही पाणी मागितलंत. मी पाणी दिलं. तुम्ही प्यालात आणि डोळे मिटलेत.

मी याचा अर्थ असा घेते आहे की ध्यानात आलं नव्हतं. तुमचा अहंकार मोठा होता, पण तुम्ही जाणूनबुजून खोटं बोलणारे नव्हतात. ज्या माणसानं मला आधी सगळं ऐकायला शिकवलं, तो त्या एका दिवशी ऐकायला विसरला, असं मी मुलांना सांगेन. उद्या नामदेवच्या गावी जाणार आहे. त्याच्यासाठी चिठ्ठी लिहिली आहे, इंग्रजीत, शाळेच्या सर्टिफिकेटसारखी, सही करून. ती दाखवून त्याला कुठेही नोकरी मिळावी.

—

वरचं लिहून चार दिवस झाले. त्यातलं काही खोडत नाही. पण पुढचं जोडल्याशिवाय पाठवताही येत नाही.

मी गेले तेव्हा नामदेव घराच्या सावलीत जाळं सांधत बसला होता. उठला, खाट टाकली, माझ्या मागे पाहिलं.

"गाडी कोन आनली, बाई?"

"मीच."

"मोडावरून आवाज आयकला म्या. बराबर चालून राह्यली." मग परत जाळं हातात घेत म्हणाला, "भाऊ गेले म्हनते."

"हो. तेरवीला वाट पाहिली तुझी."

"येनार होतो. मंग म्हनलं, चोर म्हनून नाव पडलं आपलं. लोकाईच्या पंगतीत कुठी बसाचं?"

मी चिठ्ठी काढली आणि त्याला मराठीत सांगितली. नामदेवनं गाडीत घासलेट घातलं नव्हतं. दोष एका भोकाच्या बुचाचा होता. माझ्या दिरांच्या हातून ते चुकीचं बसलं होतं, आणि घाटावर ते बोलले तेव्हा त्यांना हे माहीत नव्हतं.

जाळ्यातली सुई थांबली. "हे शेवटचं काऊन लिवलं?"

"कुठलं?"

"भाऊले मालूम नोयतं म्हनून."

"नव्हतंच ना."

तो हसला नाही की रागावला नाही. शाळेत एखादी मुलगी फळ्यावरची माझीच चूक दाखवताना जशी हळू बोलते, तसा बोलला. "बाई, लाख वितळवाले शेगडी म्याच पेटवली होती जी. अन् गाडी थरथर कराले लागली तं म्याच पाह्यलं, लाख नरम होऊन आत जाऊन राह्यली. भाऊले नेऊन दाखवलं. भाऊनं बोट लावलं, बोटाले चिकटली. म्हने, दुसरा थर देतो, बसन बराबर. म्हने, वहिनीले सांगू नोको, ते पुस्तक घेऊन बसन."

"कधी?"

"साहेब याच्या तीन-चार रोज आंदी."

"आणि घाटावर तू काय म्हणत होतास? तू बोलायला लागला होतास."

"तेच. भाऊ, म्या तुमाले सांगतलं होतं ना लाखेचं. इत्कं बी नाई निंगू देल्लं तोंडातून."

 त्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं. मग मी विचारलं, आणि विचारताना माझा आवाज चढला होता, "मग मला का नाही सांगितलंस? त्याच संध्याकाळी मी तुला विचारलं होतं."

"तुमी पुसलं, घासलेट घातलं का. म्या नाई म्हनलं. तुमी बरं म्हनल्या अन् आत गेल्या."

असंच झालं होतं. मी प्लगच्या चार तारा काढून पाहिल्या, प्रत्येक सांध्यावर थेंब सोडला, आणि जो माणूस सहा वर्षं ती गाडी चालवत होता त्याला एक प्रश्न विचारून आत गेले. तो प्रश्नही तुमचाच होता, भाऊजी. तुम्ही दिलेला.

मी म्हटलं, चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य बदलून देते. तो म्हणाला, "कागद नोको, बाई. भाऊनं कागदावर कुठी लिवलं होतं? तोंडानं बोलले, घाटावर, माह्या लोकाईसमोर. तुमाले सांगाचंच असन तं तिथीच सांगा. तोंडानं."

"आणि नोकरी?"

"थे पाहू मंग."

परतताना मी तुम्हांला गाडीत मोठ्यानं शिव्या दिल्या. मला येतात तेवढ्या. वहिनी पुस्तक घेऊन बसेल म्हणून तुम्ही एका माणसाचं नाव नदीत बुडवलंत. माझ्या एका टोमण्यापेक्षा नामदेव तुम्हांला स्वस्त वाटला. दोन वर्षं तुम्ही माझ्यासमोर बसून वरण-भात जेवलात आणि मी रोज तुमच्या अज्ञानाशी भांडत राहिले, आणि अज्ञान नव्हतंच. मरताना तरी बोलायचं. मी रागावले असते, पण मला तुमच्याजवळ बसता आलं असतं. आता मी मुलांना काय लिहू? ज्यानं मला चाकामागे बसवलं आणि ज्यानं हे केलं तो एकच माणूस होता, एवढंच लिहिते. तुम्ही मला शिकवलेलं परत करता येत नाही, नाहीतर केलं असतं.

काल बाजाराचा दिवस होता. मी दुपारी घाटावर गेले. नावेची वाट पाहणारी तीस-चाळीस माणसं होती. नामदेव एका नावेच्या काठावर पाठ करून बसला होता. मी शाळेत बोलते तसं, शेवटच्या ओळीला ऐकू जाईल असं बोलले. म्हटलं, दोन वर्षांपूर्वी इथे माझ्या दिरांनी नामदेवला चोर म्हटलं. ते खोटं होतं. गाडीत लाखेचं बूच त्यांनी बसवलं होतं, ते वितळलं म्हणून इंजिन थरथरत होतं, आणि हे त्यांना त्या दिवशी माहीत होतं. नामदेवनं त्यांना आधीच सांगितलं होतं. मला माहीत करून घेता आलं असतं, मी विचारलं नाही. मग मी तुमचं पूर्ण नाव घेतलं, आणि माझंही घेतलं.

 मग एक म्हातारा नावाडी, नामदेवच्याच भावकीतला, मान हलवत म्हणाला, "बेस केलं, बाई. सांगतलं ते बेस केलं." बाकीच्यांनीही माना हलवल्या. मला वाटलं, झालं.

म्हाताऱ्यानं विडी पेटवली, एक झुरका घेतला आणि विचारलं, "तं मंग घासलेट कोनं टाकलं होतं, जी?"

"कोणीच नाही. घासलेट नव्हतंच."

"नाई, पन भाऊ सोता म्हनले होते ना इथी उभं राहून. कोनी तं टाकलंच असन."

दोघा-तिघांनी नामदेवच्या पाठीकडे पाहिलं. भाऊजी, तुम्हांला इथे एक वाक्य पुरलं होतं. मी छत्री मिटून वाळूत रोवली आणि परत वायपरपासून सुरुवात केली.